घरमालकांचा हवाई तपास

सोलापुरात बदली होऊन आले तेव्हा घर शोधण्यात माझ्या चपला झिजल्या. प्रत्येक घरमालकाचे प्रश्न ठरलेले. आडनाव काय, लग्न झालंय का, मटण-मासे शिजवता का, कोण कोण भेटायला येतं. आडनाव सांगितल्यावर काहींना एकदम आठवायचं, की खोली कालच दिली. या घरमालकांनी मात्र यातलं काहीच विचारलं नाही. त्यांच्या हॉलमध्ये आमच्या अकलूजच्या घरात आहे तशीच बुद्धांची मूर्ती होती, त्यामुळे मी आधीच निम्मी निवांत झाले होते. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, पंखा लावला आणि म्हणाले, "मॅडम, विमानात बसलाय का कदी?"

मी म्हटलं, एकदा बसलेय, बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याहून दिल्लीला गेले होते. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, की बाहेर पडायचा दरवाजा माझ्या सीटच्या पुढं होता की मागं. मला माहीत नव्हतं. विमान कुठल्या बनावटीचं? तेही माहीत नव्हतं. पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होते तेव्हा मी काय करत होते? मी खरं ते सांगितलं, की झोपले होते. त्यानंतर त्यांना माझ्याबद्दल जे वाटलं ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "खोली बघून घ्या मॅडम, न्हाईतर हितंच जेवायची वेळ हुईल." खोली पहिल्या मजल्यावर, गच्चीला लागून होती. मला आवडली, आणि जेवायची वेळ खरंच झाली. भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी खाऊन मी तिथून निघाले तेव्हा विमान उतरताना धावपट्टी ओली असेल तर काय काय होऊ शकतं, हे मला तोंडपाठ झालं होतं.

गंमत अशी, की हे गृहस्थ स्वतः विमानात कधीच बसले नव्हते. सोलापूर सोडून ते जायचे ते फार तर केम गावाला, मेहुण्याच्या शेतावर, आणि तेही रेल्वेनं. विमानाची आवड म्हणाल तर तीही नव्हती. आकाशात विमान गेलं तर ते मान वर करायचे नाहीत. जे विमान नीट गेलं त्यात बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना रस होता तो बिघडलेल्या, घसरलेल्या, धडकलेल्या विमानांमध्ये, आणि त्याहून जास्त रस होता त्यांच्यावर सरकारनं काय लिहून ठेवलंय यात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. एका सरकारी कचेरीत ते रस्त्यावरच्या अपघातांच्या फायली सांभाळायचे. पुलाला धडकलेली जीप, घाटात उलटलेला ट्रक, असं काही ना काही रोज टेबलावर येई. प्रत्येक फायलीच्या शेवटी अपघाताच्या कारणाचा रकाना असे, आणि त्यात काय लिहायचं ते ठरलेलं असे: चालकाचा हलगर्जीपणा. काका सांगायचे, वळणावरची पाटी पडलेली असायची, झाड आडवं वाढलेलं असायचं, रस्ता खचलेला असायचा, पण साहेब म्हणायचे, नेहमीचं लिहा. "सगळी नोकरी एकच वाक्य लिवलं मी मॅडम. डायवर मेला आसला तरी चूक त्याचीच."

निवृत्त झाल्यावर मुलीचा जुना लॅपटॉप त्यांच्या हाती आला. मुलगी मुंबईला नोकरी करते, तिनं नवा घेतला होता. काका लाइट बिल भरायला बसले आणि कसे कोण जाणे, विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी विभागाच्या साइटवर जाऊन पोचले. तिथं अख्खेच्या अख्खे अहवाल ठेवलेले. अर्ज नको, सही-शिक्का नको, उघडा आणि वाचा. आणि अहवालाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं, की हा तपास पुन्हा असा अपघात होऊ नये म्हणून केला आहे, कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाही. ते वाचून काका खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी स्वयंपाकघरातून काकूंना हाक मारून बोलावलं आणि ते वाक्य मोठ्यानं मराठी करून सांगितलं. काकू हात पुसत म्हणाल्या, "मग?"

"मग काय मग," काका मला हा प्रसंग सांगताना अजूनही चिडायचे. "जी गोष्ट करायची माझी आख्खी नोकरी ऱ्हाऊन गेली ती कुनीतरी करत हाय, आन ही म्हणती मग."

त्या दिवसापासून त्यांची सकाळ ठरून गेली. चहाचा कप घेऊन ते लॅपटॉपपुढं बसत. आधी दिल्ली, मग अमेरिका. दिल्ली म्हणजे आपल्याकडचे तपासाचे अहवाल, विमान वाहतूक खात्याची परिपत्रकं आणि संसदेतली प्रश्नोत्तरं. कुठल्यातरी खासदारानं विचारलेलं असे, की विमानांना पक्षी धडकण्याच्या घटना किती झाल्या. मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलेलं असे. सभागृहात बसलेल्यांनी ते ऐकलं की नाही देव जाणे, पण सोलापुरात होटगी रोडच्या आतल्या एका कॉलनीत एक माणूस ते उत्तर दुसऱ्या सरकारी कागदाशी ताडून बघत असे. आकडे जुळले नाहीत की स्वारी खूश. मी तोंडात ब्रश घालून उभी असताना जिन्यावरून आवाज यायचा, "मॅडम, जुळत न्हाय." मी तोंडातला फेस सांभाळत मान हलवायची. दोन खात्यांची मोजायची पद्धत कशी वेगळी असते, एक काय धरतं आणि दुसरं काय सोडतं, हे समजावून घेतल्याशिवाय माझी आंघोळीला सुटका नसे.

दिल्लीच्या साइटवर त्यांचा राग एकाच गोष्टीसाठी होता. काही जुने अहवाल कागदावरून स्कॅन करून चढवलेले असत आणि त्यातली काही पानं आडवी आलेली असत. ती सरळ करता येतात हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एक अख्खा अहवाल मान खांद्याला टेकवून वाचला आणि मग ती मान तशीच राहिली. गळ्यात पट्टा घालून फिरावं लागलं. कॉलनीत बातमी पसरली, की काका स्कूटरवरून पडले. त्यांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, कारण खरं कारण सांगितलं असतं तर ते जास्त अवघड गेलं असतं. मी पान फिरवायचं बटण दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले. त्यानंतर डोळे दुखतात म्हणून काका मोठे अहवाल सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायला लागले. तो झेरॉक्सवाला त्यांना 'पायलटकाका' म्हणायचा.

अमेरिकेवर मात्र त्यांचं प्रेम होतं. तिकडच्या सरकारनं विमानांना धडकलेल्या पशुपक्ष्यांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवल्यात. पक्ष्याचं नाव टाकलं, की नोंदी समोर हजर. पक्षी ओळखू आला नाही तर त्याचं पीस प्रयोगशाळेत पाठवून ओळखतात. एकदा ते धावतच वर आले, त्या नोंदींमध्ये त्यांना कासव सापडलं होतं. "कासव मॅडम. विमानापुढं." मी विचारलं, मग चूक कुणाची ठरली, कासवाची का? ते गंभीरपणे म्हणाले, "तुमचा प्रश्नच चुकला. तितं कुनी आसं इचारतच न्हाय."

हे सगळं कागदावर राहिलं असतं तर ठीक होतं, पण काकांनी ती पद्धत घरात आणली. काकूंच्या हातून दूध उतू गेलं. दुसऱ्या घरात नवरा ओरडला असता. काकांनी चौकशी केली. दूध का उतू गेलं? काकू हॉलमध्ये होत्या म्हणून. हॉलमध्ये का होत्या? मुलीचा फोन आला म्हणून. फोन हॉलमध्ये का? चार्जर तिथं म्हणून. काकांनी इलेक्ट्रिशियन बोलावून स्वयंपाकघरात नवा प्लग बसवला. काकू मला म्हणाल्या, "शिव्या घातल्या आसत्या तर लवकर मिटलं आसतं की." पण मी तिथं राहत होते तोवर त्या घरात दूध पुन्हा उतू गेलं नाही, हेही खरं.

कॉलनीची पाण्याची मोटर जळली तेव्हा वॉचमनला काढायचं ठरत आलं होतं. तो रात्रभर मोटर चालू ठेवून झोपला, असा आरोप होता. मीटिंगमध्ये सगळे तावातावानं बोलत होते आणि काका मोटरच्या खोलीत जाऊन बटणं बघत बसले होते. मोटरचं बटण आणि जिन्यातल्या दिव्याचं बटण अगदी सारखं, शेजारी शेजारी, आणि वर ना नाव ना खूण. वॉचमननं दिव्याचं समजून मोटरचं बटण दाबलं होतं. काका मीटिंगमध्ये येऊन म्हणाले, की विमानातसुद्धा एके काळी चाकाचा दांडा आणि पंखाच्या पट्टीचा दांडा सारखा असायचा आणि चांगले चांगले पायलट फसायचे. लोकांनी दांड्यांना दोष दिला, माणसांना नाही. सेक्रेटरींना चाकाचं आणि पंखाचं काही कळलं नाही, पण मोटरच्या बटणाला लाल रंग लागला आणि वॉचमन राहिला. "मानसाला चुकायला जागा ठेवली की तो चुकतो," हे काकांचं आवडतं वाक्य. ते इतक्यांदा ऐकलं होतं, की आमच्या बँकेत कॅशिअरकडून काही राहिलं तर माझ्याही तोंडून तेच बाहेर पडायचं आणि मॅनेजर माझ्याकडे संशयानं बघायचे.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकांची गोष्ट पुरी होत नाही. काकूंनी उमेदीची सगळी वर्षं घरी विड्या वळल्या. अंगणात शेजारच्या चारजणी जमायच्या, हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त चालायची. मुलगी त्या गप्पा ऐकत अभ्यास करून शिकली. पुढं डोळ्यांना त्रास व्हायला लागला, विड्या बंद झाल्या, बायका आपापल्या मुलांकडे गेल्या, मुलगी मुंबईला गेली. एका संक्रांतीला गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला मांज्यात अडकून एक घार लटकली होती. काकूंनी विडीचं पान कापायच्या कात्रीनं तो मांजा हळूहळू कापला, घारीला खोक्यात ठेवलं आणि चिकनवाल्याकडून बारीक तुकडे आणून खायला घातलं. पंख बरा झाल्यावर ती उडून गेली आणि दुसऱ्या सकाळी परत आली. मग तिनं तिची भावकी आणली.

मी राहायला आले तोवर हा रोजचा सोहळा झाला होता. सकाळी बुद्धवंदना झाली की काकू टोप घेऊन वर यायच्या. टाकीवर, कठड्यावर, शेजारच्या अँटेनावर घारी येऊन बसलेल्या असत. काकू तुकडा वर फेकायच्या आणि एखादी घार झेपावून तो हवेतच धरायची. मी खिडकीतून बघत चहा प्यायची. काकू त्यांच्याशी बोलायच्या, ते मला सगळं ऐकू यायचं. मुलीचा फोन आला होता, कांदा महागलाय, गुडघा आज कमी दुखतोय, शेजारणीच्या सुनेला दिवस गेलेत. घारी ऐकत होत्या असं मी म्हणणार नाही, पण जात नव्हत्या. आणि खाली काका अमेरिकेत असायचे.

सोलापूरला विमान येणार, हे मी अकलूजला शाळेत असल्यापासून ऐकत होते. गावात त्यावर विनोद व्हायचे. ज्या दिवशी ते खरंच येणार असं जाहीर झालं त्या दिवशी कॉलनीत पेढे वाटले गेले. मुलीनं फोनवर सांगितलं, की दिवाळीला आता रेल्वेनं रात्र काढत येणार नाही, विमानानं येणार. काकूंनी त्याच दिवशी शेंगा भाजायला काढल्या. काका इतके आनंदात होते, की त्यांनी मला स्वतःहून विचारलं, तुमी पन बसनार का? आणि बसलात तर झोपू नका.

मग एका सकाळी चाचणीचं म्हणून एक विमान आमच्या घरावरून गेलं. काका नेमके गच्चीवर होते. विमान उतरायची वाट आमच्या टाकीच्या वरूनच जात होती. त्यांनी विमान बघितलं, मग त्याच्या खाली गोल गोल फिरणाऱ्या घारी बघितल्या आणि मग खाली, हातात टोप घेऊन उभी असलेली आपली बायको बघितली. त्यांच्या कपातला चहा तसाच राहिला. "माझ्याच घरावर की हो," ते माझ्या दाराशी येऊन हळूच म्हणाले. पक्षी आणि विमान यांच्याबद्दल जगातल्या दोन सरकारांनी जे काही लिहून ठेवलं होतं ते सगळं या माणसानं वाचलं होतं, आणि आता त्यांची स्वतःची मुलगी त्याच वाटेनं यायची होती.

साधा माणूस बायकोशी बोलला असता. काकांनी उपाय शोधला. घाबरलेल्या पक्ष्याचा आवाज मोठ्यानं वाजवला तर बाकीचे पळतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. गणपतीच्या मांडवातला स्पीकर मागून आणून त्यांनी काकू बाजारात गेल्या असताना तो गच्चीवर लावला आणि मोबाइलवरून घारीचं किंचाळणं वाजवलं. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मग आकाशात चहूकडून घारी यायला लागल्या. आमच्याच नाही, पार एमआयडीसीच्या बाजूनंसुद्धा. कोण संकटात आहे ते बघायला सगळ्या आमच्या टाकीवर गोळा झाल्या. वॉचमन काठी घेऊन वर धावत आला. काकांनी स्पीकर बंद करून घाईघाईनं लॅपटॉप उघडला. पक्षी आधी आवाजाच्या दिशेनं येतात आणि मग जातात, हे पुढच्या पानावर लिहिलेलं होतं. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं.

यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. विमानाला धोका होईल असं काही दिसलं तर कुणीही कळवावं, अशी सरकारी सोय आहे, आणि कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. काकांनी दिल्लीला कळवलं. आपलं घर, आपली गच्ची, घारी साधारण कुठल्या उंचीवर फिरतात, आणि कारण म्हणून: घरातील सदस्य खाद्य घालतात. स्वतःच्या बायकोची नोंद दिल्ली दरबारी करणारा नवरा मी तरी दुसरा बघितला नाही.

दिल्लीहून ते पत्र सोलापूरच्या विमानतळावर आलं असावं. एक दिवस तिथले दोघं जण घरी आले, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण अधिकारी बाई. दोघंही अतिशय सभ्य. काकूंनी त्यांना चहा आणि चिवडा दिला. बाईंनी समजावून सांगितलं, की घारीसारखा मोठा पक्षी इंजिनात गेला तर काय होतं. घारींना खायला घालणं थांबलं नाही तर नोटीस द्यावी लागेल, आणि आम्हाला ती द्यायची नाही. काकूंनी शांतपणे विचारलं, की तुम्हाला कळवलं कुणी. बाईंना वाटलं, घरातल्या सगळ्यांना माहीतच असणार. त्यांनी काकांकडे बघून हसून मान हलवली. काकू एवढंच म्हणाल्या, "आसं व्हय."

आणि त्या बोलायच्या थांबल्या. म्हणजे माझ्याशी बोलायच्या, वॉचमनशी बोलायच्या, काकांशी नाही. जेवताना मीठ लागलं तर मला खालून हाक यायची, की मॅडम, त्यास्नी सांगा, मीठ डब्यात हाय. काकाही माझ्यामार्फत कळवायचे, की ती तक्रार नव्हती, नोंद होती. काकूंचं उत्तर मी परत घेऊन यायची: नोंद आपल्यापाशी ठेवा म्हनावं. या निरोप्याच्या कामाला मला बँकेतल्यापेक्षा जास्त दम लागायचा. शिवाय काकूंनी घारींना घालणं थांबवलं नाहीच, उलट टोप मोठा घेतला. चिकनवाला आता पिशवी घरपोच द्यायला लागला. सेक्रेटरी जिन्यात भेटले की म्हणायचे, विमान बंद पडलं तर नाव आपल्या कॉलनीचं होईल. मुलीचं तिकीट निघालं होतं. दिवस जवळ येत होता आणि त्या घरात दोन माणसं तिची वाट बघत एकमेकांकडे न बघता जेवत होती.

मला स्वभावानं फार धीर नाही. एका रविवारी काका जिन्यात बसून मला सांगायला लागले, की अमेरिकेत अशा वेळी काय करतात. माझा तोल गेला. मी म्हटलं, काका, एवढे अहवाल वाचलेत, एक तरी तपास असा झालाय का, की ज्यात पायलटला विचारलंच नाही? दुधाची चौकशी केलीत, मोटरची केलीत. घारींना का घालता, असं काकूंना एकदा तरी विचारलंत?

काका माझ्याकडे बघत राहिले. पान फिरवायचं बटण दाखवलं तेव्हा जसे बघितले होते तसेच. मग उठले आणि गच्चीवर गेले. काकू तिथं टोप घेऊन उभ्या होत्या. मी दोरीवर कपडे वाळत घालायला मागोमाग वर आले होते, मी परत निघाले तर काकूंनीच मला हातानं थांबवलं. बहुधा साक्षीदार हवा होता.

काका कठड्याला टेकले. "घारींना का घालतीस तू?"

काकूंनी एक तुकडा वर फेकला. त्या दिवसांत त्या त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या. "येतात म्हनून."

"आन न्हाय आल्या तर?"

"तर मी वर कशाला येऊ?"

"खाली बसायचं की."

"खाली कोन हाय?"

"मी हाय की."

काकूंनी टोप खाली ठेवला. "तुमी कुटं आसता? सकाळी उठून तुमी दिल्लीला जाता. दिल्लीचं झालं की अमेरिकेला जाता. जेवायला तेवढं हितं येता. मी घारींसंगट काय बोलते ते ह्या मॅडमना ठावं हाय. तुमाला न्हाय."

एक घार अगदी जवळ येऊन कठड्यावर बसली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. काका खाली बघत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची कारणं शोधणारा तो माणूस तिथं उभा होता आणि मला त्याची इतकी कीव आली, की मी ओला टॉवेल हातात तसाच धरून उभी राहिले.

"म्हंजे कारन मी हाय," काका म्हणाले.

"मी दोष देत न्हाय तुमाला," काकू म्हणाल्या.

"ठावं हाय. दोष न्हाय. पन कारन मीच."

कुठल्याही अहवालात कारणानंतर शिफारशी येतात. काका तोंडीच बोलले, कागद काढला नाही. लॅपटॉप दुपारचं जेवण होईपर्यंत उघडायचा नाही. सकाळचा चहा दोघांनी बरोबर घ्यायचा आणि कंबर तलावावर फिरायला जायचं. काकूंनी एक दुरुस्ती सुचवली, की घारींचं एकदम बंद करायचं नाही. त्या बिचाऱ्यांनी काय केलंय? रोज थोडं थोडं कमी करायचं. काकांनी ती मान्य केली. विमानतळावरच्या त्या अधिकारी बाईंना फोन करून त्यांनी हे कळवलं, आणि बाईंनी एका अटीवर होकार दिला, की विमान सुरू व्हायच्या आधी टोप रिकामा झाला पाहिजे.

टोप आधी निम्मा झाला, मग वाटी झाली, मग वाटीही थांबली. घारी काही दिवस सकाळी येऊन टाकीवर बसायच्या, काकू माझ्या खिडकीतून बघायच्या आणि त्यांचे डोळे भरायचे. मग घारी येईनाशा झाल्या. ती मांज्यातली मात्र कधीकधी एकटीच यायची, बघायची आणि जायची. पण दुसरीकडे एक अजब गोष्ट घडली. काका ऐकायला लागले आणि ते ऐकण्यात पक्के निघाले. काकूंनी सांगितलं, की शेजारणीचं सुनेशी वाजलं, की काका विचारायचे, तेव्हा सून कुठं उभी होती? आधी कोण बोललं? स्वयंपाकघरात जागा किती आहे? काकूंनी इतकी वर्षं कॉलनीच्या गप्पा मारल्या होत्या, पण त्यांत एवढा अर्थ आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोघं तलावावरून परत यायचे ते बोलतच यायचे. मला सकाळी 'जुळत न्हाय' ऐकू येईनासं झालं, आणि खरं सांगायचं तर त्याची थोडी चुटपुट लागली.

मुलगी यायची त्या दिवशी मी रजा टाकली होती. माझं काही काम नव्हतं, पण राहवलं नाही. विमानतळ जवळच, पण काका म्हणाले, आधी गच्चीवरून आकाश बघू, मग निघू. आकाश स्वच्छ होतं. लांबवर एकच ठिपका होता तो पुढं विमान झाला. काकूंनी डोळ्यांवर हात धरला. मी हात हलवायला लागले, जसं काही वरून कुणाला दिसणार होतं. आवाज वाढत गेला, घरावरून गेला, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि मी काकांकडे बघितलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि ओठ हलत होते.

काकूंनी विमान चाकं टेकेपर्यंत बघितलं. मग त्यांनी काकांच्या दंडावर हात ठेवला. "उतरलं. उघडा डोळे."

काकांनी डोळे उघडले. "उतरताना काय काय हुतं ते सगळं ठावं हाय गं मला."

"मला कायबी ठावं न्हाय," काकू म्हणाल्या, "म्हनून मी बगू शकले. चला, पोरगी बाहेर येऊन थांबली आसंल."